बारीक अक्षर

मेंगे न्सिमीनं बाटली टेबलावर ठेवली,
लशीच्या ट्रेला खेटून.
"पोरानं धाडलीय, ब्रुसेल्सहून. वाच."
मी नर्स आहे, पण जूमच्या रस्त्यावर
पुढचे चाळीस किलोमीटर मीच डॉक्टर,
आणि पत्रं वाचणारीही मीच.

बाटलीवर फळ छापलेलं. पिवळट हिरवं.
आंब्याचा भास व्हावा, पण आंबा नव्हे.
मेंगेनं ते ओळखलं
परक्या लग्नाच्या फोटोत आपलं पोर ओळखावं तसं.
"अंदोक," ती म्हणाली. "इथलंच की."

मी वाचू लागले.
वजन उतरतं. पोट आत जातं.
साखर ताळ्यावर येते. रक्त स्वच्छ होतं.
तीन महिन्यांत माणूस बारीक.
मेंगे इतकी हसली की
बाकावरचं झोपलेलं पोर दचकून उठलं.
"ज्यानं रस्सा घट्ट होतो
त्यानं माणूस पातळ होतो?"

जुलैत अंदोक पडतं.
आधी हत्ती येतात, मग रानडुकरं,
उरलेलं मेंगेचं.
ढीग घालायचा, गर कुजू द्यायचा,
मग ओल्या खोडावर बसून
एकेक कोय कोयत्यानं उभी चिरायची.
आतली पांढरी बी दोन फाकांची.
मेंगेच्या डाव्या अंगठ्याचं टोक
अशाच एका कोयीत राहिलं, साल तिला आठवत नाही.
बी भाजायची, कुटायची,
तेल सुटेल तशी भांड्यात थापायची,
चुलीवरच्या फळीवर धुरात ठेवायची.
मग पावसाळाभर ती काळी वडी
किसून किसून माशाच्या रश्शात.
पळी उचलली की तार निघते,
तार लांब तर सून चांगली.

माझ्याकडचा तक्ता सांगतो:
शंभर ग्रॅम बीत साठाच्या वर तेल,
थोडं प्रथिन. बाकी किरकोळ.
म्हणून तर मंगळवारी
काट्याला टांगलेलं, पाय झाडणारं पोर
रेघेखाली गेलं
की मी आईला म्हणते, अंदोक वाढव, आणखी एक चमचा.

दलाल पेल्याला तीनशे फ्रँक देतो.
बाटलीची किंमत मी मेंगेला सांगितली नाही.
तिनं विचारली.
मग सांगितली.
ती बराच वेळ अंगठ्याकडे पाहत होती.

बाटली फिरवली. तळाशी अक्षर इतकं बारीक
की मोबाईलचा दिवा लावावा लागला:
या दाव्यांची तपासणी झालेली नाही.
हे औषध नव्हे.
अभ्यास झाले म्हणे. किती माणसं? थोडी.
किती दिवस? काही आठवडे.
मोजणारा कोण? ते नव्हतं.
"म्हणजे खोटं?"
खोटं आहे असं मला म्हणता येत नाही, मेंगे.
खरं आहे असं अजून कुणी नीट दाखवलेलं नाही.
"आणि साल? दातदुखीला माझी आई
अंदोकची साल द्यायची. ती नीट दाखवलीय कुणी?"
मी ट्रेमधल्या सुया उगाच सारख्या केल्या.

तिनं एक कॅप्सूल दातानं फोडली,
भुकटी जिभेवर घेतली, डोळे मिटले.
"जुनी आहे. धूर लागलेला नाही.
हिची तार निघायची नाही."
मग बाकीच्या माझ्या ट्रेमध्ये ओतल्या,
झाकण फिरवून पाहिलं, घट्ट बसतं.
"बाटली चांगलीय. मिठाला होईल."

ती गेली. पोर सात किलो दोनशे भरलं.
संध्याकाळी जनरेटर बंद झाल्यावर
मी कॅप्सूल मोजल्या. एकोणसाठ.
माझी साखर वाढलेली आहे,
पट्ट्याला मागच्याच महिन्यात नवं भोक पाडलंय,
आणि तळाचं ते बारीक अक्षर
मीच मोठ्यानं वाचून दाखवलं होतं.
सकाळी मोजल्या तेव्हा अठ्ठावन्न.